एम.एस्सी.ची आणेवारी

राजापेठ, अमरावती
१८ नोव्हेंबर १९६३

प्रिय पुंजाजी,

नमस्कार आणि जय भीम, दोन्ही पाठवतो. लागेल तो घे, उरलेला परत कर.

दिवाळीत येतो म्हणालास आणि आला नाहीस. घरी अनारसे तुझ्या नावाने ठेवले होते, ते शेवटी मीच संपवले. अकोल्याहून अमरावती काही विलायत नाही. पण ते असो, बातमी मोठी आहे म्हणून भांडण पुढे ढकलतो.

विद्यापीठाला अखेर आमची आठवण झाली. आमचा रसायनशास्त्राचा एम.एस्सी.चा वर्ग कसा चालला आहे याची पाहणी करायला जानेवारीत समिती येणार आहे. तुला माहीतच आहे, आम्हाला परवानगी फक्त पहिल्या वर्षाची, प्रीव्हियसची. फायनलचा वर्ग येत्या जूनपासून उघडायचा की नाही हे ही समिती ठरवणार. समिती येण्याआधी विभागप्रमुखाने, म्हणजे मी, एक लांबलचक प्रश्नावली भरून द्यायची आहे. प्रयोगशाळा कशी, ग्रंथालय कसं, संशोधन काय, उणिवा कोणत्या, सुधारणेसाठी काय लागेल! पुंजाजी, दहा वर्षं शिकवतो आहे, पण 'बाबा रे, तुला काय लागतं?' असं मला कुणी पहिल्यांदाच विचारलं. वाचताना डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तर तू हसशील, म्हणून म्हणत नाही.

इथली दशा तू पाहिलीच आहेस. नळाला पाणी सकाळी येतं आणि प्रॅक्टिकल दुपारी असतं. गॅसचा प्लँट ढेकर देतो, गॅस देत नाही. परदेशी मासिकं बंद पडली. पण पोरं चांगली आहेत रे. सगळ्यांत तुझी भाची ललिता. ही मुलगी पातूरहून आली तेव्हा वर्गात मान वर करत नव्हती, आता चुकलो तर फळ्यापाशी येऊन सांगते. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं खारं पाणी ती तपासून राहिली आहे. वर्गातली मुलं शनिवारी गावी जातात आणि सोमवारी सोड्याच्या बाटल्यांत आपापल्या गावचं पाणी घेऊन येतात. विहीर तीच, पण क्षार महिन्यागणिक कसे बदलतात हे तिने काढलं आहे. फायनल मिळालं तर हाच तिचा प्रबंध. आणि फायनल इथेच मिळायला पाहिजे. नागपूरला तिचे वडील पाठवायचे नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तेव्हा प्रश्नावली कशी भरू, सांग. मी तर म्हणतो, काहीही झाकायचं नाही.

तुझा,
उत्तम


अकोला
२६ नोव्हेंबर १९६३

प्रिय उत्तम,

जय भीम ठेवून घेतला, नमस्कार परत पाठवतो.

दिवाळीत आलो नाही कारण आईला ताप होता. आता बरी आहे. अनारशांचं दुःख आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. झाकायचं नाही म्हणतोस ते शंभर टक्के बरोबर. खरं लिही. आपल्याकडची कॉलेजं अशा कागदावर स्वर्ग उभा करतात आणि मग त्या स्वर्गात नळ मागायची सोय राहत नाही. तू जे आहे ते लिही. ललिताचं काम सविस्तर लिही, तुझे दोन निबंध छापून आले ते लिही, आणि पाण्याचंही लिही.

ललिताचे वडील, बुधाजी भाऊजी, परवा रस्त्याच्या कामासाठी अकोल्याला आले होते, सोबत माझी बहीणही होती. सडकेवरच्या गँगचे मुकादम झाल्यापासून बोलणंही रोलरसारखं झालं आहे. मी नागपूरचा विषय काढून पाहिला. म्हणाले, "अमरावतीले तिची आत्या हाय, इंदूबाई. नागपूरले कोन हाय? तू हायेस का तिथी? मंग बोलू नको." माझी बहीण चुलीपाशी होती, ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला हवं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून सांगतो, खरं लिही आणि चांगलं लिही.

तुझा,
पुंजाजी


अमरावती
१५ डिसेंबर १९६३

प्रिय पुंजाजी,

प्रश्नावली काल रजिस्टर पोस्टाने गेली. आता ऐक आणि माझी पाठ थोपट.

मी तुझ्या सांगण्याप्रमाणे खरं लिहायला बसलो होतो. पहिलं पान लिहिलंही. मग एकदम आमचे बाबा आठवले. नत्थुजींना तू पाहिलं आहेस, पण आणेवारीच्या दिवशी पाहिलेलं नाहीस. पिकाची आणेवारी करायला आर.आय., म्हणजे महसुलाचा इन्स्पेक्टर, यायचा, पटवारी सोबत. सोळा आणे म्हणजे भरघोस, आणि चार आण्यांच्या खाली पीक गेलं की शेतसाऱ्यात सूट. नवे पैसे येऊन इतकी वर्षं झाली, पण पीक अजून आण्यांतच मोजतात. बाबा त्याला वावराच्या मधात कधी नेत नसत. धुऱ्याधुऱ्याने फिरवायचे. धुऱ्यावरचं पीक नेहमी लंगडंच असतं, बांधाच्या झाडांची सावली खातं. मला म्हणायचे, "उत्तम, सायबापुढं पिकाची तारीफ कराची नसते. तारीफ केली का सूट गेली." आणि गावात वर्षानुवर्षं सूट मिळाली की नाही? मिळाली!

मग मी ते पान फाडलं आणि आमच्या विभागाला सरळ चार आणे लावले. पाणी नाही, गॅस नाही, ग्रंथालय नाममात्र. संशोधनाच्या रकान्यात लिहिलं, 'सोयींअभावी शक्य नाही.' माझे निबंध गाळले. ललिताचं कामही गाळलं. कारण असं बघ, एवढ्यात एवढं काम होतं म्हटलं तर विद्यापीठ म्हणेल, मग तुम्हाला आणखी कशाला हवं? उणिवांच्या रकान्याला मात्र जादा कागद जोडला. वाचून दगडालाही पाझर फुटेल. आमच्या प्राचार्यांनी न वाचताच सही केली, म्हणाले, "दिलं तर दिलं, नाई तर आपलं काय जाते?"

आता अनुदान येतं की नाही बघ. तुझ्या आईला नमस्कार.

तुझा,
उत्तम


अकोला
२१ डिसेंबर १९६३

प्रिय उत्तम,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. आज सकाळी विद्यापीठाचं आलं. तुमच्या पाहणीच्या समितीवर, रसायनाचा प्राध्यापक म्हणून, मला नेमलं आहे.

तीन जणांची समिती आहे आणि वऱ्हाडातला मी एकटा. अशा समितीवर आमच्यातला माणूस पहिल्यांदाच गेला आहे, त्यामुळे मी कसा वागतो याकडे बऱ्याच लोकांचं लक्ष राहणार. म्हणून या विषयावर समितीचं काम संपेपर्यंत मी तुला एक अक्षर लिहिणार नाही, तूही लिहू नकोस. तुझं पंधरा तारखेचं पत्र मी वाचलं नाही असं समज.

आई बरी आहे.

पुंजाजी


अमरावती
२८ जानेवारी १९६४

प्रिय पुंजाजी,

आता तर लिहू का? समिती येऊन गेली, चहा पिऊन गेली, संत्री घेऊन गेली. तुझं 'वाचलं नाही असं समज' हे वाचून मी इतका हसलो की घरच्यांना वाटलं खुशखबरीची तार आली. म्हटलं, समजलो बुवा! मित्र असावा तर असा.

आणि काय नट आहेस रे तू! फाटकापाशी उतरलास आणि माझ्याकडे असं पाहिलंस, जसं कधी काळी एका स्टोव्हवर आपण पिठलं शिजवलंच नव्हतं. नमस्कारसुद्धा परक्यासारखा. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

माझी तयारीही काही कमी नव्हती. नवा तराजू प्राचार्यांच्या खोलीत नेऊन ठेवला, वर टेबलक्लॉथ. चांगली काचेची भांडी कपाटात, किल्ली माझ्या खिशात. ललिताच्या बाटल्या ओळीने खिडकीत होत्या, त्या शिपायाकडून मागच्या टेबलाखाली सरकवल्या आणि पुढे पोतं लावलं. ललिता म्हणाली, "सर, माझं काम पण झाकायचं?" मी म्हटलं, "पोरी, तुझ्यासाठीच झाकतो आहे." ती हसली. म्हणजे मला वाटलं हसली, ती मुळातच लाजाळू आहे.

मग अध्यक्षांना मी धुऱ्याधुऱ्याने फिरवलं! गळका नळ आधी, मग कोरडा नळ. गॅसची कळ फिरवली तर नुसता वास. अध्यक्ष सभ्य म्हातारा आहे. प्रत्येक ठिकाणी "अरेरे" म्हणत होता आणि मी मनात मोजत होतो, हा एक नळ, हे एक कपाट, ही एक मासिकाची वर्गणी.

आणि तू विचारलंस, "इथे विद्यार्थी काही संशोधन करतात का?" मी म्हटलं, परिस्थिती नाही. तू पुन्हा विचारलंस, "अगदी लहानसं काही? स्थानिक विषयावर?" मी म्हटलं, नाही साहेब. मग तू तिसऱ्यांदा विचारलंस, "पाण्यावर वगैरे?" तेव्हा मी ओळखलं, हा म्हणतो आहे अजून एक आणा खाली जा. मी म्हटलं, "पाण्यावर कुठलं साहेब, पाण्याचाच पत्ता नाही!" अध्यक्ष हसले. ललिता तिथेच उभी होती, लाजून खाली बघत होती. तू काही हसला नाहीस, काय संयम आहे तुझा!

आता निकाल कधी ते सांग. मुलांना मी जूनचा शब्द दिला आहे.

तुझा,
उत्तम


अकोला
२२ मार्च १९६४

प्रिय उत्तम,

तुझ्या जानेवारीतल्या पत्राला उत्तर दिलं नाही. अहवाल काल मंजूर झाला, तुमच्या कॉलेजला कळवल्याचं कालच समजलं, म्हणून आज लिहितो आहे. बसून वाच.

फायनलचा वर्ग मिळाला नाही. प्रीव्हियसची परवानगीही या वर्षानंतर काढून घेतली आहे. अहवालात वाक्य असं आहे: 'विभागप्रमुखांच्या स्वतःच्या लेखी कबुलीनुसार येथे पदव्युत्तर शिक्षणास आवश्यक अशी परिस्थिती नाही.' त्याखाली तू जोडलेला जादा कागद जशाचा तसा लावला आहे. अध्यक्ष म्हणाले, इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही, त्याला या ओझ्यातून मोकळं केलं पाहिजे. ते हे मनापासून म्हणाले, उत्तम. तुझ्याबद्दल त्यांना फार आदर वाटतो.

सुधारणेला पैसे मिळणार नाहीत का, असं मी विचारलं. उत्तर आलं की अनुदान चालू असलेल्या वर्गालाच देता येतं. आणि वर्ग चालू ठेवायला आधी सुधारणा हवी. मी म्हटलं, मग या विहिरीतून बाहेर यायचं कसं? कुणी उत्तर दिलं नाही, कारण चहा आला. आमच्या दौऱ्यात आणखी एक कॉलेज होतं. तिथल्या नळांनाही पाणी नव्हतं, पण नळ घासून लख्ख केले होते, आणि आम्ही येईपर्यंत बर्नर पेटलेले होते. त्यांना फायनल मिळालं.

मी तुला तीनदा विचारलं. तुला वाटलं मी आणा खाली उतरवायला सांगतो आहे. मी तुला दार उघडून देत होतो रे. त्या टेबलाखालचं पोतं मला दिसत होतं, आणि पोत्याच्या कडेला एका बाटलीचा तळ दिसत होता. ललिता त्या टेबलापाशी उभी होती आणि ती लाजत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मामा आहे, आता बोलेल, असं तिला वाटत होतं. मी बोललो असतो तर अध्यक्षांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? आणि भाची म्हटलं की माझं सगळं बोलणं फुकट गेलं असतं. पुढे आमच्यातल्या कुणाला अशा समितीवर घेताना लोकांनी ती गोष्ट सांगितली असती. गाडीत बसल्यावर अध्यक्षांनी विचारलंच, ती मुलगी कोण, फार हुशार दिसते. मी म्हटलं, "असेल कुणी विद्यार्थिनी." हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझं ते आणेवारीचं पत्र आलं त्या रात्री मला लिहायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी नेमणूक आली आणि हात बांधले गेले. पण रात्र तर मोकळी होती. मी झोपलो.

तुला राग येईल, तरी एक सांगतो. आमच्या घराला वावर नव्हतं, म्हणून आमच्याकडे कधी आर.आय. आला नाही. आमच्याकडे शाळेचे इन्स्पेक्टर यायचे. ते येणार म्हटलं की माझी आई, भागीरथाबाई, माझा एकुलता सदरा धुऊन चुलीवर वाळवायची, आणि म्हणायची, "त्याईच्या पुढं ताठ उभा राहाय, येत नसन तरी हात वर कर." आम्हाला कमी समजायला लोक आधीच तयार असत, आम्ही आणखी काय कमी सांगणार? कमी दाखवून सूट मागायची सोय वावर असलेल्यालाच. तुझ्या बाबांची युक्ती खरी होती, पण ती वावरासाठी होती. वावर जप्त होत नाही ना एका वाईट हंगामाने.

ललिताला मी सांगू की तू सांगशील?

तुझा,
पुंजाजी


अमरावती
२ एप्रिल १९६४

पुंजाजी,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. पहिल्या दिवशी मी तुला शिव्या देणारं पत्र लिहिलं. त्यात वावराच्या गोष्टीवर बरंच काही होतं. ते फाडलं. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट लिहिलं, तेही फाडलं. आता शिव्या संपल्या आहेत.

ललिताला मीच सांगितलं. प्रॅक्टिकलला सगळे होते, तिथेच सांगितलं. एका मुलाने विचारलं, नागपूरला अर्ज कधी भरायचा? मुलांचं होईल, त्यांचे काका-मामे तिकडे आहेत, नाहीतर होस्टेल आहे. ललिता थांबून राहिली. सगळे गेल्यावर तिने टेबलाखालून बाटल्या काढल्या, पुसल्या आणि परत खिडकीत मांडल्या. मग म्हणाली, "सर, फेकू का ठेवू?" मी म्हटलं, ठेव.

मी परवा नागपूरला जातो आहे. नवीन निवेदन लिहिलं आहे, यावेळी सगळं खरं. तराजू, माझे निबंध, ललिताच्या बाटल्या, सगळं. तुला काही करता येणार असेल तर कर. येणार नाही, हेही मला माहीत आहे.

उत्तम


अमरावती
१० जुलै १९६४

प्रिय पुंजाजी,

नागपूरचं सांगायचं राहिलं होतं. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून राहिलं.

कचेरीत एक बाबू भेटला, माणूस वाईट नव्हता. त्याने माझं जुनं निवेदन काढलं, नवं शेजारी ठेवलं आणि विचारलं, "प्रोफेसरसाहेब, आधीचं खोटं होतं की आत्ताचं खोटं आहे? दोन्हीवर सही तुमचीच आहे." काय सांगणार? मी म्हटलं, आमच्याकडे असंच करतात. तो म्हणाला, "कुठे?" मी म्हटलं, वावरात. त्याने मला पाणी दिलं. गार होतं, नळाचं होतं आणि दुपारची वेळ होती. ते पाहूनच मला रडू आलं.

मग मी पातूरला गेलो, बुधाजींकडे. म्हटलं, निदान एवढं तरी करू. त्यांनी खाट टाकली, चहा केला, सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, तिच्या राहण्याची सोय मी बघतो, नागपूरला माझे ओळखीचे लोक आहेत. ते म्हणाले, "मास्तर, तुमचा शब्द खोटा नाई म्हनत म्या. पन तुमीच लिहून देल्लं ना का इथी शिकवाले काईच नाई? पोरीनं सांगतलं मले. मंग वर्सभर थे काय शिकत होती तुमच्यापाशी?" मी चहाची कपबशी खाली ठेवली. तुझी बहीण दारात उभी होती, ती काही बोलली नाही.

ललिता प्रीव्हियसला पहिली आली, हे तुला कळलंच असेल. अभिनंदनाचं पत्र मी लिहायला घेतलं होतं. पुढच्या वर्षीसाठी शुभेच्छा, असं हाताने आपोआप लिहिलं गेलं, म्हणून तेही फाडलं.

आता मी बी.एस्सी.ला शिकवतो. एम.एस्सी.च्या खोलीला कुलूप आहे. नवा तराजू आता उघड्यावर ठेवला आहे, सगळ्यांना दिसतो.

तुझा,
उत्तम


अकोला
१९ जुलै १९६४

प्रिय उत्तम,

बुधाजी भाऊजींचं मनाला लावून घेऊ नकोस. तू गेल्यावर ते रात्री जेवले नाहीत, बहिणीने सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं ते भीतीने.

ललिताला पातूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागते आहे. मी भेटायला गेलो होतो. मला म्हणाली, "मामा, तुमी तवा बोलला असता तं काय झालं असतं?" मी म्हटलं, काही झालं नसतं. ती म्हणाली, "मंग बोलाचं होतं ना." मी परतलो. बसमध्ये सगळा रस्ता ते वाक्य माझ्या शेजारी बसून होतं.

मी पुढच्या समितीचं आमंत्रण नाकारलेलं नाही. नाकारलं तर मग कोण बसेल? पण बसूनही काय करतो, हेही आपण पाहिलंच.

दिवाळीला ये. किंवा मी येतो.

तुझा,
पुंजाजी


पातूर
४ ऑगस्ट १९६६

आदरणीय सर,

विद्यार्थिनी ललिता हिचा नमस्कार. दोन वर्षांत पत्र पाठवलं नाही, त्याबद्दल माफ करा. लिहिण्यासारखं काही नव्हतं. वर्ग चांगला आहे. सातवीच्या मुली फार हुशार आहेत, विचारू नये ते विचारतात.

एक काम आहे. माझ्या पाण्याच्या बाटल्या तुमच्याकडे अजून असतील तर त्या ओतून, धुऊन आत्याच्या घरी पाठवाल का? इथे प्रयोगाला बाटल्या नाहीत. पाणी आता जुनं झालं असेल, त्याचा उपयोग नाही. आमचे काका अमरावतीला येतील तेव्हा आत्याच्या घरून घेऊन येतील.

दुसरं म्हणजे, शाळेला शिक्षण खात्याचा तक्ता आला आहे. विज्ञानाचं शिक्षण कसं चालतं, काय आहे, काय नाही, काय लागेल, ते शिक्षिकेने भरायचं आहे. आमचे मुख्याध्यापक शेषरावजी सकाळी म्हणतात, "बाई, सगळं बेस्ट लिवा, नाई तं सायन्स बंद कराची ऑर्डर येईन." आणि दुपारी म्हणतात, "बाई, जरा कमी लिवा, पेटी भेटन प्रयोगाची." मी दोन्ही ऐकून घेते.

आमच्याकडे एक लोहचुंबक आहे, एक मोडकं भिंग आहे, आणि नदीवर नेऊन मी मुलींना पाणी दाखवते. हे कमी आहे की जास्त, मला खरंच कळत नाही. वर्ग बंद झाला तर मुली पुढे कुठेच जायच्या नाहीत.

सर, तुम्ही दोन्ही प्रकारे लिहिलेलं आहे, आणेवारीची गोष्ट मामांनी सांगितली. मी किती आणे लिहू?

तक्ता तेरा तारखेला, शनिवारी पाठवायचा आहे.

आपली,
ललिता


अमरावती
९ ऑगस्ट १९६६

प्रिय पुंजाजी,

सोबत तुझ्या भाचीचं पत्र पाठवतो. बाटल्या मी आज स्वतः धुतल्या. ओतताना प्रत्येक गावचं नाव वाचलं, चिठ्ठ्या तिच्याच अक्षरातल्या होत्या. त्या काढल्या नाहीत, पाण्याने निघाल्या.

तिच्या प्रश्नाला उत्तर लिहायला तीन दिवस बसतो आहे. सोळा लिहू म्हटलं तर तिला कुणी काही देणार नाही. चार लिहू म्हटलं तर तिचा वर्ग जाईल. आणि खरं लिही म्हणायला मला तोंड नाही. तेवढं तू म्हणाला होतास, तेव्हा मी ऐकलं असतं तरी काय झालं असतं, हेही आता मला सांगता येत नाही.

तू मामा आहेस. तू लिही तिला काहीतरी. शनिवारच्या आत पोचायला हवं, तार कर.

उत्तम


तार
अकोला, ११ ऑगस्ट १९६६
प्रति: प्रा. उत्तमराव, राजापेठ, अमरावती

काय लिहावं सुचत नाही. पातूरला निघालो. तूही ये. तिघं बसून भरू.

पुंजाजी